पानी सोडलं हो

उंबरदरीत पुराची तयारी करणारं घर एकच होतं आणि सगळं गाव त्या घराला हसत होतं.

हसायला कारण होतं. चिखलीहून जीपनं यावं लागणारं हे गाव पंचक्रोशीत ओळखलं जायचं ते टंचाईसाठी. गावाला नदी होती, पण वर्षाचा बराच काळ तिच्या पात्रात ढोरं बसायची आणि पोरं क्रिकेट खेळायची. नळाला पाणी दहा-बारा दिवसांनी यायचं, उन्हाळ्यात टँकर. गावाची सगळी तयारी पाणी न येण्याची होती. दारोदार टाक्या आणि ड्रम होते, अंगणात उपड्या घातलेल्या घागरी होत्या. पाणी आपणहून येईल आणि न विचारता घरात शिरेल, ही गोष्ट कुणाच्या डोक्यात बसत नव्हती.

गीताबाईच्या डोक्यात ती माहेराहून आली होती. माहेर पूर्णेच्या काठचं. लहानपणी एक पूर तिनं घराच्या आढ्यावर बसून पाहिला होता. लग्न होऊन ती उंबरदरीत आली तेव्हा कोरडं पात्र बघून तिला हायसं वाटलं होतं. मग मागच्या पावसाळ्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि खालच्या आळीत गुडघाभर पाणी आलं. संध्याकाळी ते ओसरलंही. खरं नुकसान नंतर झालं. विहिरीत गढूळ पाणी उतरलं, लोकांनी तेच प्यायलं, आणि आळीत हगवण लागली. गीताबाईची सासू रुखमाबाई चिखलीच्या दवाखान्यात सलाईनवर पडली. ती परत आली, पण पायांतलं बळ तिकडेच राहिलं. तेव्हापासून ती बाजेवर होती.

त्या बाजेकडे बघत गीताबाईनं तयारी सुरू केली. गोठ्यातल्या दोन्ही बैलांची दावी तिनं सुटगाठीनं बांधायला लावली. एक हिसडा दिला की जनावर मोकळं. पीठ, गूळ, काडेपेटी, सासूच्या गोळ्या एका झाकणाच्या डब्यात गेल्या. वीज कुठून बंद करायची ते तिनं नवऱ्याला आणि मुलीला हात धरून दाखवलं. आणि सगळ्यांत वर तिनं एक गोष्ट ठेवली होती: प्यायचं स्वच्छ पाणी. पूर घरात आला तरी चालेल, पण बुढीच्या तोंडात पुन्हा गढूळ पाण्याचा थेंब जाता कामा नये.

पुढच्या दोन खोल्या टिनाच्या होत्या. मागं कमरेइतक्या उंच जोत्यावर एक स्लॅबची खोली होती. पाणी आलंच तर चौघांनी तिथं जायचं. अडचण एवढीच की ती खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती.

त्या वर्षी गावात असं एकच घर नव्हतं. आदल्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता आणि ज्यांनी आधीच विकला ते वर्षभर हळहळले होते. म्हणून यंदा कुणीच घाई केली नाही. दिवाळीचा कापूस होळीपर्यंत थांबला, होळीचा पाडव्यापर्यंत, आणि आता नवीन बीटी कपाशी पेरून उगवून आली तरी जुना घरातच होता. भाव चढायच्या ऐवजी उतरत होता. साठवलेल्या कापसात बारीक किडे झाले होते. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. जेवताना एक हात घासाकडे आणि दुसरा मानेकडे, अशी सवय पडली होती.

"थे खोली रिकामी करा," गीताबाई म्हणाली.

तिचा नवरा इंद्रभान दंड खाजवत म्हणाला, "अन कापूस कुठी ठेवू? तुह्या माहेरी?"

"इकून टाका."

"आज इकला अन पुढच्या हप्त्यात भाव वाढला म्हंजे? मंग तूच म्हनशीन, एवढी घाई काऊन केली."

"नाही म्हनत मी. सोडा पानी त्या कापसावर."

"घ्या! गावाले प्यायले पानी नाही, अन हिले झोपीत पूर दिसते. वरतून मले म्हने, कापसावर पानी सोडा."

डिंपल दारात बसून अभ्यास करत होती. अकरावीत होती, जीपनं चिखलीला जायची. तिनं पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं, "बाबा, नका इकू. कापूस तरंगते. पूर आला तं आपन चौघं त्याच्यावरच बसू अन डायरेक्ट आईच्या माहेरी उतरू."

"तू चूप बस वं," गीताबाई म्हणाली, पण हसू आवरलं नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. कापूस विकायचा नाही, पण दाबायचा. डिंपलनं ओढणी तोंडाला बांधली आणि कापसावर चढून तो तुडवला. गाडीत कापूस भरताना तुडवतात तसा, कोपऱ्याकोपऱ्यातून, वाकून, छताला डोकं लागू न देता. खाली उतरली तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झाली होती. "आजी, पाह्य, तुह्याएवढी बुढी झाली मी," ती म्हणाली आणि शिंकत सुटली. पण दाराजवळ एका बाजेची आणि तीन माणसांच्या बसण्याची जागा झाली होती. पाण्याचा ड्रम ठेवायलाही एक कोपरा निघाला. गीताबाईनं ड्रम राखेनं घासून, धुऊन तिथं ठेवला. रिकामाच.

बुढीला उचलायचं कसं, हा प्रश्न शेजारच्या रहेमतुल्लानं सोडवला. तो पिंजारी. कापूस पिंजायची धुनकी बापाबरोबर गेली. याचं स्टँडजवळ मशीनचं दुकान होतं, गाद्या-उशांचं. त्यानं जाड कापडाची, आत कापूस भरलेली झोळी शिवली आणि चारी कोपऱ्यांना हात घालायला पट्टे लावले. झोळी घेऊन तो आला आणि बाजेशी बसून लांबी बघू लागला.

"काऊन रे रहेमत," रुखमाबाई म्हणाली, "माप घेऊन राह्यला काय माह्यं? चार खांदे लागतीन तवा लागतीन. आताच काय घाई?"

"बुढीमाय, चार मानसं कुठून आनू? इथं गावात दोघांचं पटत नाही. दोघांतच उचलतो तुले. तशी बी तू आता पिंजेल कापूस झाली."

"अन तू सरकी."

सगळे हसले. मग तालीम झाली. डोक्याकडचे पट्टे डिंपलकडे, पायाकडचे इंद्रभानकडे. गीताबाई पुढं दार उघडून धरणार. बुढी अंगणातून शिव्या देत गेली आणि शिव्या देतच परत आली. आळीतल्या बायका कुंपणावरून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "गीताबाई, आमाले बी सांगजा बाप्पा, नाव सुटायच्या आधी."

"आता घोटून ठेवा," गीताबाई घरच्यांना म्हणाली. "मी 'डिंपल' म्हनून हाक देली की बाकी काही इचारायचं नाही. आपआपली जागा धरायची."

सगळं झालं होतं. फक्त ड्रम रिकामा होता. पंचायतीच्या विहिरीवरची मोटर जळली होती आणि नळ केव्हाचा कोरडा होता.

पाऊस लागला तो सतत. तिसऱ्या दिवशी सकाळी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उकंडराव आळीतून चालला होता. पंचायतीचा शिपाई. नळाचा व्हॉल्व त्याच्याच हातात आणि भोंगाही त्याच्याच हातात. गीताबाईनं त्याला ओट्यावरून हटकलं.

"भाऊजी, पान्याचं काय?"

"बसवली मोटर कालच. टाकी भरून राह्यली. आज सोडतो."

"नक्की ना?"

"नक्की. म्हंजे लाईन राह्यली तं."

"भोंग्यावर सांगजा. मांगच्या खेपी आमी राह्यलोच."

"सांगीन ना वहिनी. माह्यं दुसरं कामच काय हाये?"

भोंगा पंचायतीच्या छतावर होता. उकंडराव कितीतरी वर्षं त्यातून एकच वाक्य म्हणत आला होता, एकाच चालीवर: "पानी सोडलं हो, पानी सोडलं. खालच्या आळीनं आधी भरून घ्या. मंग वरतं सोडतो." हे वाक्य खालच्या आळीनं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. ऐकायची गरज नव्हती. "खालच्या आळीनं" एवढं कानावर पडेपर्यंत बायका हंडे घेऊन वाटेला लागलेल्या असायच्या, कारण नळाला धार असायची ती थोडाच वेळ.

दुपार उलटली होती. टिनावर पाऊस असा वाजत होता की घरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. इंद्रभान स्लॅबच्या खोलीत कापसावर ताडपत्री अंथरत होता. बुढी पुढच्या खोलीत बाजेवर होती. पाणी डोळ्यानं दिसल्याशिवाय मी त्या खाजेत जाणार नाही, असं तिनं सकाळीच सांगितलं होतं. तेवढ्यात भोंगा वाजला.

"पानी सोडलं हो, पानी सोडलं. खालच्या आळीनं..."

"आलं बाई!" गीताबाई म्हणाली. तिच्या तयारीतली शेवटची गोष्ट आता पुरी होणार होती. "डिंपल, हंडे घे दोन्ही. पयला नंबर लावजो. मी कॅन घेऊन मांगून येतोच, आजीले गोळी देऊन."

डिंपलनं खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर ओढली आणि हंडे काखेत घेतले. दारात थांबून तिनं आभाळाकडे बघितलं.

"आई, एवढं पानी पडून राह्यलं अन मी पान्याले चालली. आपल्या गावाले याड लागलं व."

"जाय लवकर. अन अर्धे नको आनू."

उकंडराव त्या वेळी नळाबद्दल बोलत नव्हता. त्याला धरणावरून फोन आला होता. पलीकडच्या माणसानं एवढंच सांगितलं, "पानी सोडलं, गावाले सांगा," आणि फोन ठेवला. उकंडराव धावत माइककडे गेला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जे सवयीचं असतं तेच आधी येतं. तेच शब्द आले, त्याच चालीवर. पुढं तो म्हणाला, "लेकराबाळाले घेऊन वरतं निघा, नदीकडं कोनी जाऊ नका." वरच्या आळीनं ते ऐकलं, कारण "खालच्या आळीनं" म्हटल्यावर वरची आळी आपल्या पाळीसाठी पुढचं ऐकत असे. खालच्या आळीत टिनं वाजत होती आणि बायका निघाल्या होत्या.

खालच्या आळीचा नळ नदीच्या अंगाला, आळी संपते तिथं होता. पाण्याला दाब नव्हता म्हणून लोकांनी नळाभोवती खड्डा खणला होता, पुरुषभर खोल. पाइप कापून तोटी तळाशी नेली होती. एकीनं आत उतरायचं, हंडा भरायचा, वरचीच्या हातात द्यायचा. त्या दिवशी खड्ड्यात पावसाचं पाणी साचून तोटी बुडाली होती. ते उपसल्याशिवाय भरता येणार नव्हतं. डिंपल वयानं लहान आणि अंगानं हलकी, म्हणून ती उतरली. रहेमतुल्लाची बायको नूरजहां काठावर उभी होती, आणखी दोघी होत्या. डिंपल हंड्यानं गढूळ पाणी उपसून वर देत होती आणि नूरजहां ते ओतत होती. तोटीतून नुसती हवा येत होती. पाण्याआधी हवा येते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वाट बघत राहिल्या.

रहेमतुल्लाचं दुकान पंचायतीला लागून होतं. त्यानं वाक्य पूर्ण ऐकलं, शटर तसंच टाकून तो उतारानं आळीत धावत आला. "धरनाचं पानी! नळाचं नाही! धरनाचं!" गीताबाई हातात कॅन घेऊन ओट्यावर होती. तिनं ते ऐकलं आणि त्याच वेळी अंगणात पाणी शिरताना बघितलं. ते पावसाचं नव्हतं. तपकिरी होतं, त्यावर फेस आणि तुराट्या होत्या, आणि ते उलट, खालून वर चढत होतं.

तिच्या तोंडून ठरलेली हाक गेली.

"डिंपल!"

मागच्या खोलीतून इंद्रभान ठरल्याप्रमाणे धावत आला आणि बाजेवर अंथरलेल्या झोळीचे पायाकडचे पट्टे त्यानं धरले. डोक्याकडची जागा रिकामी होती. गीताबाई ओट्यावरून उतरून नळाच्या दिशेनं पळाली. वळणावर पाणी मांडीला लागलं. रहेमतुल्ला तिच्यापुढं होता. त्यानं मागं वळून हात आडवा केला.

"तुमी बुढीले पाहा! एकट्यानं नाही होत त्याले! नूर बी तिथंच हाये, मी आनतो पोट्टीले!"

मागून इंद्रभान ओरडत होता, "गीता, माय बुडून राह्यली!" बाज तरंगायला लागली होती.

गीताबाई तिथं किती वेळ उभी राहिली हे कुणी सांगू शकत नाही. तिलाही सांगता आलं नाही. मग ती मागं फिरली. तिनं डोक्याकडचे पट्टे धरले. दोघांनी झोळी उचलली, अंगणातल्या कमरभर पाण्यातून नेली, जोत्यावर चढवली. ज्या क्रमानं तालीम झाली होती त्याच क्रमानं सगळं झालं. बुढी या वेळी शिव्या देत नव्हती. "पोट्टी कुठी हाये?" एवढंच विचारत होती, पुन्हा पुन्हा.

नूरजहांनं नंतर जे सांगितलं ते असं. आवाज आला तेव्हा आधी वाटलं, ट्रक आला. मग पाणी दिसलं. दोघी पळाल्या. मी ओरडली, डिंपल, वर ये, हात दे. तिनं आधी हंडा दिला. खड्ड्यातून येताना भांडं आधी वर द्यायचं, मग हात, अशीच सवय आहे सगळ्यांची. मी पण घेतला. घेतला आणि बाजूला ठेवला, पडू नये म्हणून. मग हात द्यायला वाकली तर खड्डा कुठं आहे तेच दिसेना.

रहेमतुल्लानं नूरजहांला बाभळीच्या बुंध्यापासून ओढून वर आणलं. हंडा तिच्या काखेत होता. तिला तो सोडायचं सुचलं नव्हतं.

पाणी स्लॅबच्या खोलीच्या उंबऱ्याखाली थांबलं. रात्री उतरायला लागलं. डिंपल दुसऱ्या दिवशी खालच्या शिवारात सापडली, कुणाच्या तरी नव्या कपाशीच्या ओळीत, बांधाला अडकून.

साहेब लोक आले. पंचनामा झाला. पुराचा इशारा भोंग्यावरून वेळेत देण्यात आला होता, असं त्यात लिहिलं गेलं. ते खरं होतं. बैल सुटगाठीमुळे वाचले होते. डब्यातल्या गोळ्या कोरड्या होत्या. कापसाचा एक पुंजकाही भिजला नव्हता. डिंपलनं तुडवलेल्या जागी तिच्या पायांच्या खळग्या तशाच होत्या. इंद्रभान कितीतरी दिवस त्या खोलीत गेला नाही. मग एका सकाळी त्यानं गाडी बोलावली, भाव न विचारता सगळा कापूस भरून दिला, आणि मजुरांना सांगितलं की तुडवू नका, सैलच न्या. खोली रिकामी झाली. घरातली खाज गेली.

पंचायतीनं खालच्या आळीचा खड्डा बुजवला आणि नळ वर, देवळाजवळ आणला. पाणी सोडायचा दिवस आला तेव्हा भोंगा वाजला नाही. उकंडराव दारोदार फिरून सांगत होता. गीताबाईच्या ओट्यापाशी तो थांबला. ती उंबऱ्यात बसली होती.

"काय म्हनत होते तुमी त्या दिवशी?" तिनं विचारलं. "पुढचं."

"जाऊ द्या ना वहिनी."

"लगीन होऊन आली तवापासून ऐकून राह्यली मी तुमाले. पुढचं कधी ऐकलंच नाही. म्हना."

उकंडरावनं खाली बघितलं. चाल न लावता, हळू आवाजात तो म्हणाला, "पानी सोडलं हो, पानी सोडलं. खालच्या आळीनं लेकराबाळाले घेऊन वरतं निघा. नदीकडं कोनी जाऊ नका."

"एक डाव म्हनले?"

"नाही. लाईन जाईपर्यंत म्हनत होतो."

गीताबाईनं मान हलवली. "लेकराबाळाले घेऊन," ती म्हणाली. "बरोबर हाये. तुमचं बरोबर हाये."

त्यानं देवळाकडे हात केला. मग म्हणाला, "आजचं नळाचं हाये, वहिनी. भरून घ्या."

ती उठली नाही. देवळाकडून हंडे आपटल्याचे आणि बायकांच्या भांडणाचे आवाज येत राहिले. मग नूरजहां आली. तिनं भरलेला हंडा ओट्यावर ठेवला आणि निघून गेली. गीताबाईनं त्यातलं पाणी पेल्यात घेतलं. स्वच्छ होतं, पेल्याचा तळ दिसत होता. ती आत सासूच्या बाजेपाशी गेली.

"घ्या आत्याबाई. नळाचं हाये."

रुखमाबाईनं पेल्याकडे बघितलं. त्या दिवसापासून तिनं आपणहून पाणी मागितलं नव्हतं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"तहान नाही मले," ती म्हणाली.

गीताबाई पेला हातात धरून बाजेशी उभी राहिली. बाहेर नळ गेला. बायका पांगल्या. तरी ती तशीच उभी होती.